न वाजलेली शिट्टी

6 एप्रिल 2019 रोजी मिनियापोलिसच्या यू. एस. बँक स्टेडियममध्ये 70 हजारांहून अधिक प्रेक्षकांच्या देखत टाय जेरोमच्या टाचेला चेंडू लागला. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेचा, म्हणजे एनसीएएचा, उपांत्य सामना चालू होता. एका बाजूला व्हर्जिनिया विद्यापीठ होते आणि दुसऱ्या बाजूला इथवर प्रथमच पोहोचलेले अलाबामा राज्यातले ऑबर्न विद्यापीठ. ऑबर्न 62-60 असे पुढे होते आणि घड्याळात दहा सेकंदही उरले नव्हते. जेरोम टप्पे देत चेंडू पुढे नेत असताना पाठीमागून हात बदलायला गेला, चेंडू त्याच्याच टाचेवर आपटून उसळला, त्याने घाईघाईने दोन्ही हातांनी तो धरला आणि काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा टप्पे द्यायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी चेंडू धरला की टप्पे देण्याचा हक्क संपतो, हे शाळेच्या मैदानावर पहिल्या आठवड्यातच शिकवतात. याला डबल ड्रिबल म्हणतात. मैदानावर तीन पंच होते. शिट्टी वाजली नाही.

ती वाजली असती तर चेंडू ऑबर्नला मिळाला असता आणि व्हर्जिनियाला त्यांच्यामागे धावून, फाउल म्हणजे नियमबाह्य अडवणूक करून घड्याळ थांबवण्यावाचून गत्यंतर उरले नसते. प्रत्यक्षात खेळ चालू राहिला. ऑबर्नचे काही फाउल अजून शिल्लक होते, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रो (कोणी न अडवता एका गुणासाठी नेम धरण्याची संधी) न देता फाउल करून वेळ खाण्याची त्यांना मुभा होती. ती वापरून त्यांनी जेरोमला अडवले तेव्हा घड्याळात 1.5 सेकंद राहिले होते. रेषेबाहेरून आत आलेला चेंडू काइल गाय या खेळाडूने कोपऱ्यात झेलला (हे आडनाव मराठीत लिहिताना माझाही हात जरा अडखळतो) आणि उडी मारून तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेकला. तो बास्केटमध्ये गेला नाही. ऑबर्नची मुले हात उंचावून नाचायला लागली. मग कळले की या वेळी मात्र शिट्टी वाजली आहे. ऑबर्नचा समीर डाउटी हवेत असलेल्या गायच्या अंगावर गेला, असा निर्णय जेम्स ब्रीडिंग या पंचांनी दिला होता. घड्याळात 0.6 सेकंद, गायला तीन फ्री थ्रो. त्याने तिन्ही टाकले, व्हर्जिनिया 63-62 असे जिंकले आणि दोन दिवसांनी टेक्सास टेकला ओव्हरटाइममध्ये हरवून प्रथमच विजेतेही झाले. आदल्याच वर्षी याच स्पर्धेत हा अव्वल मानांकित संघ पहिल्या फेरीत सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून हरला होता, जे पुरुषांच्या स्पर्धेत त्याआधी कधीच घडले नव्हते. त्यामुळे वर्तमानपत्रांना हवी तशी गोष्ट आयती मिळाली आणि ऑबर्नची मुले त्या गोष्टीत दुसऱ्याच्या उद्धाराच्या वाटेवरचा अडथळा तेवढी उरली.

मी त्या वर्षी अलाबामातल्याच बर्मिंगहॅम शहरात शिकत होतो. त्या राज्यात घराघरांत दोन पक्ष असतात, एक ऑबर्नचा आणि दुसरा अलाबामा विद्यापीठाचा, आणि लग्न ठरवताना जात पाहावी तसा हा पक्ष पाहतात असे तिथे विनोदाने म्हणता येईल. माझे शेजारी निवृत्त गृहस्थ होते, ऑबर्नचे जुने विद्यार्थी. सामना त्यांच्याच दिवाणखान्यात पाहिला. ती शिट्टी वाजल्यावर ते उठले, दूरचित्रवाणीचा आवाज पूर्ण बंद केला आणि तिन्ही फ्री थ्रो त्यांनी मुकाट उभे राहून पाहिले. त्यानंतर तासभर ते जे बोलले त्याचा सारांश एवढाच होता की अर्ध्या सेकंदाचा खेळ उरलेला असताना पंचाने सामना ठरवू नये, खेळाडूंना खेळू द्यावे. डबल ड्रिबलचा विषय मी काढला तेव्हा त्यांनी मान डोलावली, हो, तोही सुटला खरा, असे म्हटले आणि पुन्हा त्या फाउलवर आले. मला तेव्हा हे फार चमत्कारिक वाटले. ज्या चुकीने त्यांच्या संघाचा सामना खरोखर हिरावून घेतला ती चूक त्यांच्या बोलण्यात एका वाक्यात आटोपली होती, आणि जो निर्णय नियमाला धरून होता त्याचा राग मात्र तासभर पुरला होता.

निर्णय नियमाला धरून होता, असे मी विचारपूर्वक म्हणतो. उडी मारून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला खाली उतरायला जागा मिळालीच पाहिजे आणि बचाव करणाऱ्याने सरळ वर उडी मारावी, पुढे झेपावू नये, हा त्या नियमाचा गाभा आहे. उतरताना दुसऱ्याच्या पायावर पाय पडून घोटा मोडलेले खेळाडू ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या नियमाचे कारण समजावून सांगावे लागत नाही. डाउटीचे हात वर होते, पण धड पुढे गेले होते. हाच प्रसंग सामन्याच्या तिसऱ्या मिनिटाला घडला असता तर शिट्टी वाजली असती आणि कोणाच्याही लक्षात राहिली नसती. ऑबर्नचे प्रशिक्षक ब्रूस पर्ल यांनी सामन्यानंतर, त्या एका निर्णयावरून या सामन्याची ओळख ठरू नये, अशा आशयाचे संयमाचे उद्गार काढले. त्यांचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण एका गोष्टीचे मला अजून नवल वाटते, की त्या रात्री मैदानावर दोन पंचांचे वर्तन तपासण्यासारखे असताना जाब मात्र शिट्टी वाजवणाऱ्याला विचारला गेला.

शेवटच्या क्षणी पंचाने शिट्टी गिळावी, हे मत अमेरिकेत इतके सर्वमान्य आहे की त्यासाठी खास वाक्प्रचारही आहेत. ऐकायला ते उदार वाटते. पण न वाजवणे हाही निर्णयच असतो, फक्त त्याच्याखाली कोणाची सही नसते. शिट्टी वाजली की पंच हात वर करतो, फाउल कोणाचा ते बोटांनी दाखवतो, गुणलेखकाच्या टेबलापाशी जाऊन त्याची नोंद करवतो, हजारो डोळे त्याच्यावर खिळलेले असतात. शिट्टी वाजली नाही तर त्याला काहीच करावे लागत नाही. खेळ पुढे सरकतो आणि त्याचे मौन खेळाच्या वेगात विरून जाते.

या मौनाचा सर्वांत विलक्षण मासला 5 एप्रिल 1993 चा आहे. न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये नॉर्थ कॅरोलायना आणि मिशिगन यांचा अंतिम सामना होता. नॉर्थ कॅरोलायना 73-71 असे पुढे असताना त्यांचा एक फ्री थ्रो हुकला आणि परतलेला चेंडू मिशिगनच्या क्रिस वेबरने धरला. पुढे काय करावे या गोंधळात त्याने टप्पा न देताच पाय सरकवला. हे उघड ट्रॅव्हलिंग होते, समोरच्या बाकावरचे खेळाडू ओरडत उठले, पण शिट्टी वाजली नाही. वेबर धावत पलीकडच्या अर्ध्या भागात गेला, आपल्याच संघाच्या बाकासमोर कोपऱ्यात दोघांनी त्याला घेरले आणि 11 सेकंद उरले असताना त्याने टाइमआउट मागितला. मिशिगनकडे टाइमआउट शिल्लकच नव्हता. त्याबद्दल तांत्रिक फाउल लागला, फ्री थ्रो आणि चेंडू दोन्ही नॉर्थ कॅरोलायनाला मिळाले आणि सामना 77-71 असा संपला.

आता असे पाहा. पंचाने ट्रॅव्हलिंगची शिट्टी वेळीच वाजवली असती तर मिशिगनच्या हातून चेंडू गेला असता, पण फरक दोनच गुणांचा होता, फाउल करून चेंडू परत मिळवायला थोडा वेळही होता. आणि सामना हरला असता तरी तो 20 वर्षांचा मुलगा जन्मभर ‘टाइमआउटवाला’ म्हणून ओळखला गेला नसता. पंचाने दाखवलेल्या दयेने त्याला आणखी काही सेकंद मोकळे ठेवले आणि त्या सेकंदांतच त्याने स्वतःचे सर्वांत मोठे नुकसान करून घेतले. पंचाने डोळेझाक केली तर कोणाचे तरी भले होते, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर पाहावा.

त्याच्या चार वर्षे आधी, 3 एप्रिल 1989 रोजी, सिअ‍ॅटलमध्ये याच मिशिगनला दुसऱ्या टोकाचा अनुभव आला होता. सीटन हॉल विद्यापीठ ओव्हरटाइममध्ये 79-78 असे पुढे होते, 3 सेकंद उरले होते आणि मिशिगनचा रुमील रॉबिन्सन आत घुसत असताना जॉन क्लॉअर्टी या पंचांनी सीटन हॉलच्या जेराल्ड ग्रीनचा फाउल दिला. स्पर्श झाला असेल तर तो ओझरता होता. रॉबिन्सनने दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि मिशिगन 80-79 असे विजेते झाले. सीटन हॉलला ते विजेतेपद पुढे कधीच मिळालेले नाही. त्यांचे प्रशिक्षक पी. जे. कार्लेसिमो यांनी मात्र पंचांवर खापर फोडले नाही. या निर्णयाविषयी माझे मत डळमळीत आहे, हे कबूल करतो. चित्रफीत पाहताना कधी मला फाउल दिसतो, कधी दिसत नाही. म्हणून मी ती पाहणे बंद केले आहे.

पंचाला नेमके काय पाहावे लागते, याची प्रेक्षकाला फारशी कल्पना नसते. आक्रमण करणारा आणि बचाव करणारा यांची टक्कर झाली की दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी पंचाची नजर चेंडूवर असून चालत नाही. ती बचाव करणाऱ्याच्या धडावर आणि पायांवर हवी, आणि त्याच वेळी आक्रमकाने झेप घ्यायला सुरुवात कधी केली हेही त्याला कळायला हवे. एका नजरेने दोन माणसांचे दोन क्षण टिपायचे आणि त्यांतला आधीचा कोणता हे सांगायचे. 22 फेब्रुवारी 2014 रोजी ड्यूक विद्यापीठाच्या कॅमेरॉन इनडोअर स्टेडियममध्ये सिरॅक्यूज विद्यापीठाच्या सी. जे. फेअरने बास्केट टाकली तेव्हा 60-60 अशी बरोबरी झाली असे वाटले. पण 10.4 सेकंद उरले असताना पंचाने ड्यूकच्या रॉडनी हूडच्या बाजूने, म्हणजे फेअरच्या विरोधात, फाउल दिला आणि बास्केट रद्द झाली. बचाव करणाऱ्याने आपली जागा कधीपर्यंत घेतलेली असावी, याचा नियम त्याच हंगामात बदलला होता. सिरॅक्यूजचे वयोवृद्ध प्रशिक्षक जिम बोहाइम कोट अंगातून ओढून काढत मैदानात धावले, दोन तांत्रिक फाउल घेऊन बाहेर गेले आणि ड्यूक 66-60 असे जिंकले. एवढ्या दीर्घ कारकिर्दीत साखळी हंगामातल्या सामन्यातून बाहेर काढले जाण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. या टकरीचा नियम त्यानंतरही पुन्हा बदलला गेला आहे. नियम असा वारंवार बदलावा लागतो याचा अर्थ तो माणसाच्या डोळ्यांच्या आवाक्यापलीकडे आहे, असा मी घेतो.

तंत्रज्ञानाने हे सगळे सुटेल, असे क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या लोकांना सहज वाटते. तिसरा पंच आल्यापासून आपल्याला तशी सवयच लागली आहे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्येही पंच कडेच्या पडद्याकडे जाऊन चित्रफीत पाहतात. पण काय पाहायचे आणि काय नाही याच्या नियमांत सीमा आखलेल्या आहेत. चेंडू वेळ संपण्याआधी हातातून सुटला का, पाय रेषेवर होता का, दोन की तीन गुण, हे पाहता येते. 19 मार्च 2015 रोजी यूसीएलए विद्यापीठाच्या ब्राइस आल्फर्डचा चेंडू बास्केटपासून बराच बाजूला जात होता, तरी एसएमयू विद्यापीठाच्या यानिक मोरेराने त्याला हात लावला म्हणून पंचांनी गोलटेंडिंग, म्हणजे बास्केटमध्ये पडू पाहणारा चेंडू मध्येच अडवल्याचा दोष, दिले आणि 3 गुण मोजले. यूसीएलए 60-59 असे जिंकले. तो निर्णय तेव्हा पडद्यावर तपासायची सोय नव्हती. अखेरच्या दोन मिनिटांत ती मुभा 2019 मध्ये मिळाली. महिलांच्या सामन्यांत 2024-25 पासून आणि पुरुषांच्या सामन्यांत 2025-26 पासून प्रशिक्षकाला ठरावीक निर्णयांना आव्हान देता येते. पुरुषांच्या यादीत चेंडू कोणाला लागून बाहेर गेला, गोलटेंडिंग, आणि बास्केटखालच्या कमानीत बचाव करणाऱ्याचा पाय होता का, एवढेच विषय आहेत. जेरोमचा डबल ड्रिबल किंवा वेबरचे ट्रॅव्हलिंग आज घडले तरी कोणीही पडद्यापर्यंत जाऊ शकणार नाही.

आणि पडदा हाताशी असूनही तिकडे कोणी गेलेच नाही तर? 9 मार्च 2011 रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सेंट जॉन्स विद्यापीठ रटगर्स विद्यापीठाविरुद्ध 65-63 असे पुढे होते आणि काहीच सेकंद उरले होते. रटगर्सने आत फेकलेला लांब चेंडू सेंट जॉन्सच्या जस्टिन ब्राउनलीने अडवला आणि आनंदाच्या भरात तो कडेने धावत सुटला. त्याची पावले जास्त झाली, पाय रेषेबाहेर पडला आणि वेळ संपण्याआधीच त्याने चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. एका खेळाडूने एका दमात इतके नियम क्वचितच मोडले असतील. तिन्ही पंच घड्याळाकडे न बघता मैदानातून चालते झाले. सामना आयोजित करणाऱ्या बिग ईस्ट संघटनेने नंतर चूक मान्य केली आणि तिन्ही पंचांनी त्या स्पर्धेच्या उरलेल्या सामन्यांतून स्वतःहून माघार घेतली, पण निकाल बदलला नाही. रटगर्सला एक सेकंद परत मिळाला असता तर बहुधा काहीही घडले नसते. तो सेकंद त्यांचा होता, एवढेच.

गेल्या काही वर्षांत हा राग वाढतच चालला आहे, कारण प्रत्येकाच्या हातात चित्रफीत संथ करण्याची सोय आली आहे. 5 एप्रिल 2024 रोजी क्लीव्हलँडमध्ये महिलांच्या उपांत्य सामन्यात आयोवा 70-69 असे पुढे असताना, 3.9 सेकंद उरले असता, कनेक्टिकटच्या आलियाह एडवर्ड्सचा हलता स्क्रीन पंचांनी पकडला. म्हणजे सहकारी मोकळी व्हावी म्हणून अडथळा करून उभे राहताना ती स्थिर नव्हती. चेंडू आयोवाकडे गेला आणि सामना 71-69 असा संपला. एडवर्ड्स हलली होती, यात मला शंका वाटत नाही. कनेक्टिकटचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांनी असा फाउल प्रत्येक चालीत सापडेल असे सुचवले, तेही खोटे नव्हते. पण एका निर्णयाने आपण हरलो नाही असे त्यांची प्रमुख खेळाडू पेज बेकर्स हिने सामन्यानंतर सांगितले, तेव्हा तिच्यापेक्षा तिच्या बाजूने भांडणारे लोकच अधिक संतापलेले होते.

त्याच्या दोन आठवडे आधी मी भारतात, सकाळच्या चहाबरोबर, सॅमफर्ड आणि कॅन्सस यांचा सामना पाहत होतो. सॅमफर्ड हे बर्मिंगहॅमच्या उपनगरातले छोटे विद्यापीठ. मी तिथे राहत असताना त्याच्या बास्केटबॉलचे नाव क्वचितच ऐकले होते. ती मुले 22 गुणांची पिछाडी भरून काढून 90-89 अशी एका गुणावर आली होती. 14.7 सेकंद उरले असताना कॅन्ससचा निक टिंबरलेक चेंडू घेऊन बास्केटकडे झेपावला आणि सॅमफर्डच्या ए. जे. स्टॅटन-मॅक्रेने मागून धावत येऊन त्याचा चेंडू वरच्या वर अडवला. मला तो अडवणारा हात स्वच्छ चेंडूवर पडलेला दिसला. पंचांना फाउल दिसला. फ्री थ्रो पडले आणि सामना 93-89 असा गेला. या निर्णयाविषयी मात्र माझे मत डळमळीत नाही. ती शिट्टी वाजायला नको होती. मी बर्मिंगहॅमच्या त्या शेजारच्या काकांना निरोप पाठवला, त्यांचे उत्तर आले की या खेपेस तरी तू माझ्या बाजूने आहेस ना. काय लिहावे ते मला सुचले नाही, कारण माझा आक्षेप त्यांच्यासारखा शिट्टी वाजण्याच्या वेळेला नव्हता, पंचाला जे दिसले त्याला होता.

पंच कोण असतात, हेही या ठिकाणी सांगितले पाहिजे. महाविद्यालयीन सामन्यांचे पंच कोणाचे पगारी नोकर नसतात. ते सामन्यागणिक मानधन घेतात, आज या शहरात तर उद्या त्या शहरात रात्रीचा प्रवास करून पोहोचतात, आणि अनेकांचा दुसरा व्यवसाय असतो. जॉन हिगिन्स हे त्यांतले नावाजलेले पंच, ओमाहा शहरात त्यांचा घरांची छते दुरुस्त करण्याचा व्यवसाय होता. 2017 मध्ये केंटकी संघ नॉर्थ कॅरोलायनाकडून 75-73 असा हरला. तो सामना 0.3 सेकंद उरले असताना ल्यूक मे याने टाकलेल्या बास्केटने ठरला होता, कोणत्याही शिट्टीने नव्हे. तरीही सामन्यातल्या आधीच्या फाउलांचा राग धरून केंटकीच्या चाहत्यांनी हिगिन्स यांच्या दुकानाबद्दल इंटरनेटवर खोटे वाईट अभिप्राय लिहिले, हजारो फोन केले, जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. ज्यांच्या छतावरून कधी पाणी गळले नाही आणि ओमाहा ज्यांनी नकाशातही पाहिले नसेल, ती माणसे त्यांच्या छतांच्या कामाला एक तारा देत होती. हिगिन्स यांनी एका क्रीडा संकेतस्थळावर खटला भरला, तो न्यायालयाने फेटाळला.

हे सगळे मी इतक्या जिव्हाळ्याने का लिहितो आहे, याचे कारण मिनियापोलिसमध्ये किंवा बर्मिंगहॅममध्ये नाही. ते विदर्भातल्या एका शहरातल्या सिमेंटच्या कोर्टवर आहे. महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला असताना आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी माणसे कमी पडली म्हणून मला वेळाधिकारी केले होते. लोखंडी टेबल, त्यावर कार्बन घातलेली गुणपत्रिका, उलटायच्या पाट्यांचा गुणफलक, माझ्या उजव्या हातात दोरीचे स्टॉपवॉच आणि ओठांत शिट्टी. विजेवर चालणारे घड्याळ नव्हते. चेंडू आत आला आणि खेळाडूच्या हाताला लागला की स्टॉपवॉच चालू करायचे, पंचाची शिट्टी वाजली की थांबवायचे, आणि दहा मिनिटे भरली की आपली शिट्टी वाजवायची. अमेरिकेत आता पंचाच्या शिट्टीचा आवाज टिपून घड्याळ आपोआप थांबते आणि पंचाच्या कमरेच्या कळीवर ते चालू होते. आमच्या इथे ती सगळी यंत्रणा म्हणजे माझा अंगठा होता.

चौथ्या सत्रात स्टॉपवॉचवर 9 मिनिटे 57 सेकंद झाले असताना चेंडू कडेने बाहेर गेला. मागे पडलेला संघ एका गुणाने मागे होता. मी मोठ्याने ‘शेवटचे तीन सेकंद’ असे ओरडलो. चेंडू आत आला, त्यांच्या उंच मुलाने तो झेलला, एक टप्पा दिला, बचाव करणाऱ्याला खांद्याने वळसा घातला, आणि मी पाहत राहिलो. खेळ पाहत राहिलो. भानावर येऊन अंगठा दाबला तेव्हा त्याचा दुसरा टप्पा पडत होता. किती उशीर झाला ते सांगता येणार नाही. पाऊण सेकंद असेल, एक असेल. त्यानंतर तो वळला, थांबला, नेम धरला. माझ्या आतले घड्याळ म्हणत होते की वेळ संपली, वाजव. हातातले घड्याळ 9:59 दाखवत होते. मी हातातल्या घड्याळाचे ऐकले. चेंडू सुटला, मग आकडा भरला, मग मी शिट्टी वाजवली, आणि चेंडू जाळीतून खाली आला.

पंच टेबलापाशी आले. ते एका शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते आणि त्यांचा आवाज त्या गोंधळातही वर गेला नाही.

“काय रे, वाजवली तेव्हा चेंडू हातात होता का सुटला होता?”

“सुटला होता, सर.”

यात एकही अक्षर खोटे नव्हते. त्यांनी स्टॉपवॉच पाहायला मागितले, मी दाखवले, त्यांनी दोन बोटे खाली झटकून बास्केट मान्य केली. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले होते आणि न विचारलेल्या प्रश्नाचे दिले नव्हते.

गुणपत्रिकेवर खाली गुणलेखकाची, वेळाधिकाऱ्याची आणि पंचांची सही असते. त्यांच्यापाशीच आणखी एक चौकट असते. सामन्याबद्दल निषेध नोंदवायचा असेल तर कर्णधाराने तिथे सही करायची. मी माझी सही केली तेव्हा हरलेल्या संघाचा कर्णधार टेबलाशी येऊन उभा होता, मानेवर ओला टॉवेल, हातात पंचांनी दिलेले पेन. त्याने आधी त्या चौकटीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“भाऊ, टाइम होता ना?”

“होता.”

त्याने पेन टेबलावर ठेवले आणि चौकट तशीच कोरी सोडून तो गेला.